मे महिन्यातला स्वेटर

जळगावचा मे महिना. दुपारी बारानंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही, माठातलं पाणीसुद्धा कोमट लागतं, आणि कूलरसमोरच्या जागेसाठी घरातली पोरं भांडतात. अशा दुपारी माझी मावशी आतल्या खोलीत पंखा बंद करून, अंगात स्वेटर घालून बसली होती.

"पंखा नको लावू गं. काटा येतो अंगावर," ती म्हणाली. आवाज जाड झालेला. एकेक शब्द विहिरीतून पोहरा ओढावा तसा वर येत होता. चेहरा पांढराफटक, डोळ्यांखाली सूज, भुवया विरळ. मी तिला तीन वर्षांनी पाहत होते. घरच्यांनी रोज पाहिलं होतं, म्हणून त्यांना हा बदल इतका दिसला नव्हता.

"थायरॉईड तपासलं का?" मी विचारलं. मला स्वतःला अकरा वर्षं हा आजार आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या तोंडातून आपोआप येतो.

"तपासलं ना, ताई. दोनदा." मावशीच्या सुनेनं फाईल पुढे केली. "नॉर्मल आहे."

टीएसएच ३.१. शेजारी छापलेली मर्यादा ०.४ ते ४.५. दोन्ही रिपोर्टांवर आकडा मर्यादेच्या आत होता. मी पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं. समोर बसलेली बाई आणि हातातला कागद यांचा काही मेळ लागत नव्हता. परतीच्या गाडीत ठरवलं की या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यायचा. पुढचे काही महिने डॉक्टर, लॅबमधले तंत्रज्ञ आणि सकाळी उपाशीपोटी रांगेत उभ्या असलेल्या बायका यांच्याशी बोलण्यात गेले.

"मला थायरॉईड आहे" असं आपण सहज म्हणतो. खरं तर तो प्रत्येकाला असतो. गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेला बिलगून बसलेली, पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी मोठ्या माणसात साधारण वीस ग्रॅम भरते. परिभाषेत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. आपल्या पणज्यांच्या पिढीला मात्र ओळखीचा होता तो गलगंड, म्हणजे गळ्यावर लोंबणारी, लांबून दिसणारी गाठ. जेवणात आयोडीन कमी पडलं की ग्रंथी फुगायची. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिलं आणि शाळकरी मुलांमधल्या गलगंडाचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मिठाच्या एका पुडीनं इतकं मोठं काम केल्याची उदाहरणं आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात फार नाहीत. म्हणून आजकाल घरोघरी 'नैसर्गिक' म्हणून शेंदेलोण रोजच्या स्वयंपाकात शिरतंय, ते मला खटकतं. उपासाला ठीक आहे. पण त्यात आयोडीन मिसळलेलं नसतं, आणि ज्या घरात गरोदर बाई किंवा वाढती मुलं आहेत तिथे रोजचं मीठ आयोडीनयुक्तच हवं.

गळ्यावर दिसणारा आजार गेला, आणि कागदावर दिसणारा आला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत ५,३७६ प्रौढांची तपासणी झाली होती. त्यात मुंबई आणि गोवाही होते. जवळजवळ ११ टक्के लोकांमध्ये थायरॉईडचं काम कमी पडत असल्याचं आढळलं. किनाऱ्यावरच्या शहरांपेक्षा आतल्या शहरांत प्रमाण थोडं जास्त होतं. यांच्याशिवाय आणखी बरीच माणसं अशी होती, की ज्यांचा टीएसएच वाढलेला पण प्रत्यक्ष थायरॉईडचा हार्मोन अजून शाबूत.

हा फरक कळायचा तर टीएसएच म्हणजे काय ते आधी कळायला हवं. मलाही दहा वर्षं ते कळलं नव्हतं. मी टीएसएचला थायरॉईडचा हार्मोन समजत होते, आणि "वाढलाय" म्हटल्यावर थायरॉईड वाढला असं धरून चालत होते. टीएसएच थायरॉईडमधून येतच नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पियुषिका ग्रंथीतून येतो. अंगणात खेळणाऱ्या पोराला आई घरातून हाक मारते, तशी ही हाक आहे. पोर लगेच ओ देत असेल तर आई हळूच बोलावते. ऐकेनासं झालं की आवाज चढतो. थायरॉईड थकला, त्याच्याकडून टी-फोर हा हार्मोन कमी यायला लागला, की पियुषिका आवाज चढवते आणि टीएसएच वाढतो. हार्मोन जास्त झाला की ती गप्प होते.

ही आई फार तिखट कानाची आहे. टी-फोर थोडा खाली घसरला की टीएसएच कित्येक पटींनी वर जातो. म्हणून ६चा ६० झाला याचा अर्थ आजार दहापट झाला असा नाही, आणि २.१चा ३.४ झाला म्हणून रात्रीची झोप उडवण्याचं कारण नाही. एकाच माणसाचा टीएसएच एकाच दिवसात हलतो. रात्री उशिरा आणि पहाटे तो वर असतो, दुपारी खाली येतो. एकदा सकाळी सातला आणि पुढच्या वेळी दुपारी तीनला रक्त दिलं, तर त्या दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ राहत नाही. या तपासणीला उपाशी राहायलाच हवं असं नाही, पण वेळ दरवेळी तीच हवी.

रिपोर्टवरची मर्यादाही एक हिशोब आहे. निरोगी माणसांपैकी मधले ९५ टक्के जिथे बसतात, तो पट्टा. म्हणजे शंभर ठणठणीत माणसांपैकी पाचजण त्या पट्ट्याबाहेर असणारच. संगणक मात्र तो आकडा ठळक करतो, शेजारी बाण काढतो, आणि घरात काळजी सुरू होते.

माझ्या वडिलांच्या बाबतीत तेच झालं. वय ७८, सोसायटीतल्या शिबिरात टीएसएच ६.८. टी-फोर व्यवस्थित. नाना रोज पहाटे फिरायला जातात, शब्दकोडं सोडवतात, त्यांची काही तक्रार नव्हती. तो बाण पाहिल्यावर मात्र त्यांना थकवा जाणवू लागला. त्यांच्या डॉक्टरांनी गोळी लिहिली नाही, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं. आम्ही भावंडं नाराज झालो होतो. नंतर मी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका चाचणीबद्दल वाचलं. ६५ वर्षांवरच्या, फक्त टीएसएच किंचित वाढलेल्या ७३७ लोकांपैकी निम्म्यांना थायरॉक्सिन, म्हणजे गोळीतला टी-फोर, दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या थकव्यात आणि इतर लक्षणांत फरक नव्हता. वाढत्या वयात टीएसएच थोडा वर सरकतोच. उलट म्हाताऱ्या माणसाला गरज नसताना गोळी दिली, किंवा जास्त दिली, तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका असतो. टीएसएच सातत्यानं १०च्या वर असेल, किंवा गरोदरपण असेल, तर गोष्ट वेगळी. नानांचा दुसरा आकडा ५.२ आला. तेही गोळीशिवाय.

ठाण्यात आमच्या घराजवळ एक कलेक्शन सेंटर आहे. सकाळी सातला तिथे जी रांग लागते तिच्यात दर दोन बायकांमागे एकीच्या कागदावर टीएसएच लिहिलेलं असतं, निदान मी उभी होते त्या तीन दिवशी तरी असंच होतं. रक्त घेणारी मुलगी प्रत्येकीला एकच प्रश्न विचारत होती. "काकू, गोळी घेऊन आलात का?"

निम्म्या जणी हो म्हणाल्या. गोळी घेतल्यावर पुढचे काही तास रक्तातला टी-फोर चढलेला असतो. म्हणून तपासणीच्या दिवशी आधी रक्त द्यायचं आणि गोळी नंतर घ्यायची. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्याच रांगेत एक कॉलेजची मुलगी भेटली. ती भेदरलेली होती. केस गळतात म्हणून तपासलं तर टीएसएच ०.०५, टी-फोर वाढलेला. तिला हायपरथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉईडचं काम जास्त होत असल्याचं सांगितलं गेलं होतं आणि ती दुसरं मत घ्यायला निघाली होती. तिच्या पिशवीत केसांसाठीच्या गोळ्यांची डबी होती आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: बायोटिन. अनेक यंत्रांमधली तपासणी बायोटिनच्या चिकटण्याच्या गुणावरच चालते. रक्तात बाहेरून आलेलं बायोटिन भरपूर असेल तर यंत्र फसतं, टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटा जास्त दाखवतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिला होता. थायरॉईड कमी असलेल्यांचे केस गळतात, केस गळतात म्हणून बायोटिन घेतलं जातं, आणि बायोटिननं थायरॉईडचाच रिपोर्ट बिघडतो. तिथल्या तंत्रज्ञांनी तिला ती गोळी थांबवून काही दिवसांनी यायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात तिचा टीएसएच २.४ आला.

आता माझं. पन्नाशीच्या सुमारास दीड वर्षात माझी गोळी पन्नासवरून पंचाहत्तर, मग शंभर, मग सव्वाशेवर गेली. 'पॉवर' वाढत होती आणि टीएसएच काही ९च्या खाली येत नव्हता. मी जिथे जात होते तिथे दर खेपेला रिपोर्ट पाहून नवा आकडा लिहून मिळत होता. दोन मिनिटांचं काम. मी सुजलेली, चिडचिडी, बद्धकोष्ठानं हैराण. स्वयंपाकघरात गेल्यावर कशाला आले ते विसरायची. एका मैत्रिणीनं तिच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रिपोर्टकडे नंतर पाहिलं, आधी विचारलं, "गोळी कधी आणि कशाबरोबर घेता?"

सकाळी चहाबरोबर. त्याच घोटात कॅल्शियम, कारण हाडांच्या डॉक्टरांनी ते दीड वर्षांपूर्वी सुरू केलं होतं. सगळ्या गोळ्या एकदाच घेऊन टाकायच्या, हा माझा शिरस्ता.

त्यांनी कागदावर वेळापत्रक लिहून दिलं. थायरॉक्सिन उठल्या उठल्या, नुसत्या पाण्याबरोबर. चहा-कॉफी किमान अर्ध्या तासानं, तासाभरानं असेल तर उत्तम. कॅल्शियम आणि लोह चार तासांनंतर. ही गोळी रिकाम्या पोटीसुद्धा पूर्ण शोषली जात नाही. कॅल्शियम आणि लोह तिला आतड्यात धरून ठेवतात. ॲसिडिटीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांनाही ती कमी लागू पडते. ज्यांना सकाळ जमतच नाही त्यांनी रात्री, शेवटच्या जेवणानंतर तीन-चार तासांनी घेतली तरी चालते. कधी सकाळी, कधी रात्री असं मात्र करायचं नाही. बाटली गॅसच्या ओट्याजवळच्या फळीवर ठेवू नका, हेही त्यांनीच सांगितलं. उष्णता आणि दमट हवा या दोन्हींनी ही गोळी खराब होते, आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याचे चार महिने दुसरं असतं काय? बाटलीचं झाकण घट्ट लावायचं, गोळ्या दुसऱ्या डबीत काढून ठेवायच्या नाहीत. ब्रँड बदलला तर डॉक्टरांना सांगायचं.

"आणि आता सहा ते आठ आठवडे तपासू नका," ते म्हणाले. टी-फोर रक्तात रेंगाळतो. निम्मा व्हायला त्याला आठवडा लागतो. नवा डोस स्थिरावून पियुषिकेला त्याची खात्री पटेपर्यंत दीड-दोन महिने जातात. पंधरा दिवसांनी घाईनं केलेली तपासणी अर्ध्या वाटेतला आकडा दाखवते, आणि त्या आकड्यावरून पुन्हा डोस बदलला की रुग्ण वर्षभर झोपाळ्यावर बसल्यासारखा मागेपुढे होत राहतो. मी आज पंचाहत्तरवर आहे. टीएसएच दोनच्या आसपास. सव्वाशेची गोळी मला कधी लागतच नव्हती.

हा सगळा आकड्यांचा खेळ तसा नवा आहे. रोझॅलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी मूलद्रव्य वापरून रक्तातले अतिसूक्ष्म हार्मोन मोजायची रीत काढली ती १९५०च्या दशकाच्या अखेरीस. यॅलो यांना १९७७ साली नोबेल मिळालं. बर्सन तोवर गेले होते. आपल्याकडे परळला, टाटा रुग्णालयाच्या ॲनेक्समध्ये, भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३पासून थायरॉईडच्या रुग्णांना तपासत आलं आहे. त्याआधी डॉक्टर घोट्याजवळची शीर ठोकून पाय किती सावकाश परततो ते पाहत, त्वचेला हात लावत, आवाज ऐकत. १८९१ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी अशाच एका सुजलेल्या, थंड पडलेल्या ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. तिचं निदान करायला त्यांच्याकडे टीएसएच नव्हता, डोळे आणि कान होते. ती बाई पुढे २८ वर्षं जगली आणि तेवढ्या काळात तिला ८७०हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. आज तीच गोष्ट एका कणाएवढ्या गोळीत बसते.

गोळी बसली, टीएसएच आला जागेवर, तरी थकवा जात नाही, असं सांगणाऱ्या बायका मला खूप भेटल्या. त्यांची तक्रार खोटी नाही. काहींना टीएसएच ठीक असूनही लक्षणं राहतात. त्यावर थायरॉईडचा दुसरा हार्मोन टी-थ्री जोडून देण्याचे प्रयोग झाले, पण ते सगळ्यांना सरसकट उपयोगी पडल्याचं दिसलं नाही. बऱ्याचदा मात्र कारण शेजारीच बसलेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. शाकाहारी घरांत बी-ट्वेल्व्ह कमी असतं. झोप पाच तास, मन खचलेलं. या सगळ्याला एकच नाव चिकटतं, "थायरॉईडमुळे होतंय", आणि मग हिमोग्लोबिन कुणी पाहतच नाही. वजनाचंही तसंच. थायरॉईड मंदावल्यानं वजन वाढतं, पण बहुधा थोडे किलो, आणि त्यातही पाणीच जास्त. पंधरा-वीस किलोंचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. कोबी-फ्लॉवर सोडून दिलेल्या किती जणी मला भेटल्या! शिजवलेली भाजी नेहमीच्या प्रमाणात खुशाल खा.

गरोदरपणाबद्दल मात्र हात राखून चालत नाही. सुरुवातीचे महिने बाळाचा मेंदू आईच्या हार्मोनवर वाढतो. माझ्या भाचीची गोळी आधीपासून चालू होती. तिच्या डॉक्टरांनी लग्नानंतरच सांगून ठेवलं होतं की पाळी चुकली, तपासणी पॉझिटिव्ह आली, की त्याच दिवसापासून आठवड्याला दोन गोळ्या जादा घ्यायच्या आणि मग त्यांना फोन करायचा. पहिल्या भेटीची वाट पाहायची नाही. तिनं तसंच केलं. दर चार आठवड्यांनी रक्त तपासलं, मुलगी झाली, तिच्याही टाचेतून रक्त घेऊन तपासलं. जन्मतः थायरॉईड कमी असलेलं मूल पहिल्या काही दिवसांत ओळखलं आणि औषध सुरू केलं तर नीट वाढतं. उशीर झाला तर बुद्धीची झालेली हानी भरून येत नाही. प्रत्येक प्रसूतिगृहात ही तपासणी व्हायलाच हवी आणि आजही ती सगळीकडे होत नाही, याचा मला राग आहे.

आणि मावशी.

तिला आम्ही नाशिकला हार्मोनच्या तज्ज्ञांकडे नेलं. वयस्कर डॉक्टर. त्यांनी फाईल घेतली, चाळली, मिटून बाजूला ठेवली आणि मावशीकडे थोडा वेळ नुसतं पाहिलं. मग विचारलं, "ताई, मुलं किती?"

"एकच. मुलगा."

"बाळंतपण कसं झालं होतं?"

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट मावशीनं त्याच ओढलेल्या आवाजात सांगितली. तालुक्याच्या गावी बाळंत झाली. वार अडकली. रक्त इतकं गेलं की दोन दिवस शुद्ध नव्हती. वाचली. पण दूध आलंच नाही, पोराला गाईच्या दुधावर वाढवलं. पाळी त्यानंतर परत आली नाही. "अंगात शक्तीच नाही म्हणून आली नसेल, असं सासूबाई म्हणाल्या."

डॉक्टरांनी सुनेला विचारलं, "फ्री टी-फोर केला होता का कधी?"

पॅकेजमध्ये फक्त टीएसएच होता.

गरोदरपणात पियुषिका फुगलेली असते. बाळंतपणात भयंकर रक्तस्राव झाला की तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती सुकते. ग्लासगोत काम करणाऱ्या हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ साली याचं वर्णन केलं, म्हणून त्याला शीहान सिंड्रोम म्हणतात. मावशीचा थायरॉईड शाबूत होता. त्याला हाक मारणारीचाच आवाज एकतीस वर्षांपूर्वी बसला होता. अशा वेळी टीएसएच अगदी कमी असेलच असं नाही. पियुषिका जो काही टीएसएच सोडते तो बराचसा निकामी असतो, यंत्र तरीही मोजतं, आणि कागदावर ३.१ असा निर्धास्त करणारा आकडा उमटतो. मावशीचा फ्री टी-फोर, म्हणजे रक्तात मोकळा असलेला टी-फोर, आला ०.४, खालची मर्यादा ०.८. पियुषिकेच्याच हाकेवर येणारा दुसरा हार्मोन, सकाळचं कॉर्टिसॉल, तोही तळाला. एमआरआयमध्ये पियुषिकेची जागा जवळजवळ रिकामी.

मी घाईनं म्हटलं, मग आजच थायरॉक्सिन सुरू करू या. डॉक्टरांनी हात वर केला. आधी हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलची गोळी. शरीरात कॉर्टिसॉल नसताना थायरॉक्सिन दिलं तर उरलंसुरलं कॉर्टिसॉलही झपाट्यानं संपतं आणि माणूस कोसळतो. जीवावर बेतू शकतं. काही दिवसांनी थायरॉक्सिनची पंचवीसची गोळी आली, मग पन्नास, मग पंचाहत्तर. टीएसएच तिच्या बाबतीत यापुढे कधीच पाहायचा नाही, तिचा डोस फ्री टी-फोरवर ठरणार. जळगावच्या लॅबमध्ये सुनेला दर वेळी हे समजावून सांगावं लागतं, कारण तिथल्या छापील यादीत टीएसएच आधी येतो.

नवरात्रात मावशीचा फोन आला. मुलानं एक कागद लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, तो बरोबर आहे का ते ऐक, म्हणाली. आणि वाचू लागली. ताप आला तर हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट. उलटी होऊन गोळी बाहेर पडली तर वाट न बघता दवाखान्यात न्यायचं, तिथे पोचल्यावर आधी हे औषध चालू असल्याचं सांगायचं. ऑपरेशन असेल, दात काढायचा असेल, तरी डॉक्टरांना आधी सांगायचं. थायरॉक्सिन पहाटे पाण्याबरोबर, चहा तासाभरानं. टीएसएच नाही, फ्री टी-फोर. गोळी एक दिवसही बंद करायची नाही.

मे महिन्यात जिला एक वाक्य पुरं करायला दोनदा थांबावं लागत होतं, तिनं तो सगळा कागद न अडखळता, एका दमात वाचला. मग म्हणाली, "काही राहिलं असेल तर सांग. खाली जागा ठेवलीये त्यानं."